एनो चेरेवाचा होकार

आमच्या कुमासी शहरात शनिवारी घरी बसलेला माणूस दिसला, तर समजावं की तो आजारी आहे किंवा त्याचं सगळ्या गावाशी भांडण आहे. बाकीचे काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या ना कुणाच्या मयताला गेलेले असतात. तंबू, भाड्याच्या खुर्च्या, छातीत धडधडेल असे लाउडस्पीकर, भात, कोंबडी, सगळं असतं. एवढ्या थाटात रडण्याची बाजू लंगडी पडू नये म्हणून रडणाऱ्या बायकाही पैसे देऊन बोलावतात. एनो चेरेवा ही त्यांतली सगळ्यांत नावाजलेली.

एनो हे तिचं नाव नव्हे. आईच्या वयाच्या बाईला आम्ही मानाने एनो म्हणतो. पण तिला नुसतं चेरेवा म्हणायची हिंमत तिच्या नवऱ्यालाही झाली नाही, असं ऐकून आहे. अंगाने भरभक्कम, आवाज लाउडस्पीकरला खाली मान घालायला लावणारा. तिच्याकडे रडण्याचे प्रकार होते. साधं रडणं, छाती बडवून रडणं, जमिनीवर लोळून रडणं, आणि सगळ्यांत महाग म्हणजे खड्ड्यात उडी घ्यायला धावणं. हे शेवटचं हवं असेल तर धरायला दोन दणकट पुतणे घरच्यांनी द्यायचे, असा तिचा करार असे. "कुणी धरलं नाही तर मी पडेन की खरंच," ती म्हणायची. "मग माझ्यासाठी कोण रडणार? त्या दर्जाची दुसरी बाई आहे कुठे?"

मी ओवुसू. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात बरण्या सांभाळायचो. रोगाने सुजलेली यकृतं, दगड झालेली फुप्फुसं, फाटलेली हृदयं अशी सगळी औषधी पाण्यात बुडवून काचेच्या बरण्यांत ठेवलेली असतात, आणि ती पाहून पोरं रोग ओळखायला शिकतात. काम शांततेचं. बरणीतलं यकृत कधी पगारवाढ मागत नाही आणि वर तोंड करून बोलत नाही. माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे ही नोकरी मला मानवली होती.

एनो पहिल्यांदा आली ती थेट माझ्या कपाटांपुढे उभी राहिली.

"हृदयं कुठे ठेवतोस?"

"त्या कपाटात. पण तुम्हाला कशाला?"

ती एकेक बरणी वाकून बघायला लागली. "माझ्या भावाचं यात आहे का?"

"त्यांचं पोस्टमॉर्टेम झालं होतं का, एनो?"

"नाही. मी करू दिलं नाही."

"मग त्यांचं हृदय त्यांच्याबरोबर गेलं."

"ते मला कळत नाही होय? पण तुम्ही लोक न विचारता काढून घेता, असं सगळं गाव म्हणतं. म्हटलं, निदान या वेळी तरी काढलं असेल."

आमच्यावर चोरीचा आळ घ्यायला लोक पुष्कळ येत, पण चोरी केली असावी अशी आशा धरून आलेली ही पहिलीच. मी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग तिने सगळं सांगितलं.

तिचा भाऊ बेडियाको. ट्रोट्रो चालवायचा, म्हणजे आमची ती कोंबून भरलेली व्हॅन. एके दिवशी दुपारी घरी जेवला आणि संध्याकाळी स्टँडवर कोसळला. बायको फाउस्टिना समुद्राकडची, परक्या फांटे जमातीतली. तिची बाजारात खाणावळ होती आणि तिचं पाम-फळांचं सूप प्यायला लोक उन्हात रांग लावत. त्या दिवशीही तेच सूप होतं. इस्पितळात बेडियाको तासाभरात गेला. मग एक तरुण डॉक्टर आला. व्हरांड्यात उभ्या उभ्या, फोन कानाला धरून त्याने एनोपुढे कागद केला आणि म्हणाला, "कशाने गेले ते बघायचंय, इथे सही करा." आमच्याकडे मेलेला माणूस बायकोचा नसतो, आईकडच्या कुळाचा असतो. तेव्हा शब्द चालायचा तो बहिणीचा. एनोने त्या डॉक्टरला असं झापलं की त्याचा फोन पलीकडच्याने घाबरून ठेवला. सही झाली नाही. बेडियाकोला पुरलं. आणि आठव्या दिवशी, सगळा गोतावळा जमलेला असताना, एनोने खऱ्या दुःखात, एक पैसा न घेता टाहो फोडला: "परक्या सुपाने नेला गं माझा भाऊ!"

तिचा आवाज कसा होता ते सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी फाउस्टिनाच्या खाणावळीत एकही गिऱ्हाईक आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी ती बंद पडली, आणि आता फाउस्टिना त्याच जागी प्लास्टिकच्या बादल्या विकते.

"बादलीत कुणी विष घालत नाही ना," एनो म्हणाली. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "तिची मुलगी सांगते, त्या दिवशी आईपण तेच सूप प्यायली होती. पण मुलगी तिचीच. मी कसा विश्वास ठेवू? आणि न ठेवून झोप तरी कुठे लागते? तू एवढं सांग, बाबा. सूप होतं का?"

"न उघडता कुणालाच सांगता येणार नाही, एनो."

"मग या एवढ्या बरण्या काय लोणच्याच्या आहेत?"

तेव्हापासून ती येत राहिली. बाजारातून परतताना माझ्या स्टुलावर टेकायची, पाणी प्यायची, आणि जाताना हृदयांच्या कपाटाकडे एकदा बघून जायची. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. माझ्याकडे ते नव्हतं.

पुढे आमच्या विभागाला नवीन वारं लागलं. अर्धं शिक्षण पोरांनी घरी फोनवर घ्यायचं आणि उरलेलं अर्धं कॉलेजात येऊन सोंगं करत शिकायचं. याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, मी त्याला मिसळ-शिक्षण म्हणत असे. परदेशातून एक रबरी प्रेत आलं. त्याच्या पोटाला चेन. चेन उघडली की आत रबरी आतडी, रबरी मूत्रपिंडं, आणि पाहिजे तो रोग झालेलं हृदय बदलून बसवायची सोय. पोरं त्याच्यावर पोस्टमॉर्टेम शिकायची आणि शेवटी चेन लावून जेवायला जायची. माझ्या बरण्या मागच्या खोलीत गेल्या, आणि मला सोंगांच्या खोलीचा प्रमुख केलं. काचेमागे बसून कॅमेरा चालू-बंद करायचा आणि घंटा वाजवायची, एवढीच ती प्रमुखी.

विभागाचे मुख्य प्रोफेसर अम्पोमा. उंच, सडसडीत, अत्यंत हुशार माणूस. मेलेल्यांशी त्यांचं फार चांगलं जमे. जिवंत माणूस समोर आला की मात्र ते हात खिशात घालून छताकडे बघत. त्यांच्या लक्षात आलं होतं की आपली पोरं प्रेत उत्तम उघडतात, पण घरचे उघडूच देत नाहीत, कारण विचारायचं कसं ते कुणालाच येत नाही. म्हणून त्यांनी नवा धडा बसवला: नातेवाइकाची परवानगी मागणे. फोनवर आधी एक व्हिडिओ बघायचा. त्यात मार्गरेट नावाची एक गोरी विधवा असते. डॉक्टर पुढे झुकतो, खांद्यावर हात ठेवतो, मार्गरेट डाव्या डोळ्यातून एक अश्रू काढते आणि सही करते. मग खोलीत येऊन तेच खऱ्या माणसाबरोबर करायचं.

"नातेवाईक कोण होणार?" प्रोफेसर मला म्हणाले. "हुकमी रडू शकेल असं कुणी आहे का, ओवुसू?"

"आहे, प्रोफ. पण तिचा पोस्टमॉर्टेमला विरोध आहे."

"मग फारच उत्तम."

इतकं उत्तम की पुढे त्यांच्या नाकी नऊ आले.

पहिल्याच दिवशी एनोने विधवा व्हायला साफ नकार दिला. "विधवेला कोण विचारतंय? त्या मार्गरेटबाईला भाऊबंद नाहीत का कुणी? मी बहीण होणार. माझा भाऊ मेलाय. ट्रोट्रो चालवायचा." प्रोफेसर छताकडे बघत हो म्हणाले. आणि मग जो जो विद्यार्थी येई त्याला ती तेच सांगे. भावाला कितीतरी वर्षं रक्तदाब होता, गोळ्या कधी घेतल्या नाहीत, दुपारी सूप प्यायला, संध्याकाळी पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध कुणी कापड फाडावं तसं दुखायला लागलं, घामाने शर्ट भिजला, आणि गेला. काचेमागे बसून मला कळत होतं की यात सोंग कुठेच नाही.

आणि ती सही करेना.

एक मुलगा व्हिडिओप्रमाणे पुढे झुकला आणि म्हणाला, "तुमच्यावर काय गुदरलंय ते मी समजू शकतो."

"तुझा भाऊ वारला का रे?"

"नाही."

"मग कुठून समजलं?"

दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवला. "बाळा, हात काढ. मी तुझ्या आईपेक्षा मोठी आहे." तिसरा सात वेळा सॉरी म्हणाला, तर हिने विचारलं, "म्हणजे तूच मारलास का त्याला?" एक पाद्रीबाबांची मुलगी आली. ती हुशार होती. तिने सुरुवातच प्रार्थनेने केली. पण प्रार्थनेत एनोशी स्पर्धा करायची म्हणजे काय! एनोने तिच्या आमेनमध्ये आपली प्रार्थना जोडली. आधी कुळातल्या मेलेल्या सगळ्यांसाठी, मग जिवंतांसाठी, मग सरकारसाठी, मग पावसासाठी. मी घंटा वाजवली तेव्हा ती रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत पोचली होती आणि ती मुलगी डोळे मिटून आमेन म्हणत होती.

आणि मग सार्पोंग. यॉ सार्पोंग हा पोरगा डावखुरा. आमच्याकडे डाव्या हाताने मोठ्या माणसाला काही देणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं, हे त्यालाही माहीत होतं. लहानपणी त्यासाठी त्याने भरपूर मारही खाल्ला होता. पण घाबरला की त्याचा डावा हात आपोआप पुढे होई. पहिल्या खेपेला त्याने डाव्या हाताने रुमाल दिला. एनो उठून गेली. दुसऱ्या खेपेला तो तयारी करून आला, रुमाल उजव्या हाताने दिला, पाणी उजव्या हाताने दिलं, आणि शेवटी हायसं वाटून सहीचा कागद डाव्या हाताने पुढे केला. एनो पुन्हा उठली आणि जाता जाता त्या हाताला म्हणाली, "तुझ्या मालकाला सांग, घरी बसून राहा म्हणावं."

प्रोफेसरांवर वरून दट्ट्या आला. संपूर्ण वर्गात एकही पास नाही, हा काय धडा झाला? या सत्रात कुणी सही मिळवली नाही तर बाईला निरोप द्यायचा आणि परीक्षाही मार्गरेटवरच घ्यायची, पडद्यावर बटणं दाबून. प्रोफेसरांनी मला पुढे केलं. मी एनोला म्हटलं, "एखाद्याला तरी हो म्हणा की."

"मी केव्हाची हो म्हणायला बसलेय, ओवुसू," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मागायचं त्यांनी आहे ना?"

मला तेव्हा वाईट वाटलं. नोकरी गेली तर तिला शनिवार होतेच. पण मयताला ती पैसे घेऊन परक्यांसाठी रडे आणि तिच्या रडण्याकडे लोक गाणं ऐकावं तसं बघत. या खोलीत मात्र रोज कुणीतरी समोर बसून विचारत होतं, तुमचा भाऊ कसा होता? चुकीचं विचारत होतं, पण विचारत होतं.

सार्पोंगची शेवटची खेप आली. यात नापास झाला तर वर्ष वाया जाणार. पोरगा आत आला तो आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना उजवीकडून नमस्कार करत. सगळे म्हणजे एनो आणि दोन रिकाम्या खुर्च्या. मग बसला, आणि डावा हात सरळ मांडीखाली घालून त्यावर दाबून बसला. एनोने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आमच्या घरी पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "इथे सगळं शांत आहे. वाटेवर तू होतास. कसं येणं केलंस?"

इतक्या पोरांत तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं, कारण तोपर्यंत त्यांचं सगळं बोलून झालेलं असे.

"एनो, मी काही चांगलं घेऊन आलो नाही," सार्पोंग म्हणाला. "तुमच्या भावाला आम्ही वाचवू शकलो नाही. कशाने गेले तेही आम्हाला माहीत नाही. ते बघायची परवानगी मागायला आलोय. पण तुम्ही एकट्याने ठरवू नका. कुळातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, मी बाहेर थांबतो. आणि काही विचारायचं असलं तर मला रागावून विचारा."

"उघडल्यावर पुढे काय?"

व्हिडिओत इथे मार्गरेट सही करते. पुढचं व्हिडिओत नाही. सार्पोंग गडबडला आणि मनातलं बोलून गेला. "जे सापडेल ते मी स्वतः येऊन तुम्हाला सांगेन. समजेपर्यंत सांगेन."

एनोने हात पुढे केला, कागद घेतला आणि सही केली. काचेमागे प्रोफेसर अम्पोमांनी माझा दंड इतका जोरात दाबला की तो आठवडाभर दुखत होता. सार्पोंगने हात मांडीखालून काढला तेव्हा तो मुंग्या येऊन लाकूड झाला होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरवलं.

एवढ्यावर सगळे खूश होते. पुढच्या आठवड्यात मी दार उघडलं तर एनो खोलीत आधीच येऊन बसलेली. काळं वस्त्र, डोक्याला काळी पट्टी, हातात पिशवी.

"आज धडा नाही, एनो."

"धड्याला कोण आलंय? रिपोर्ट न्यायला आलेय. सही केली होती मी."

"अहो, ते सोंग होतं."

"सही सोंगाची होती का? नाव माझंच आहे खाली. त्या पोराने सांगितलं, सापडेल ते येऊन सांगेन म्हणून. आठवडा झाला. तुम्ही त्याला पास केलंत ते कशाबद्दल?"

मी सार्पोंगला बोलावलं. सार्पोंगने प्रोफेसरांना बोलावलं. प्रोफेसर आले, छताकडे बघितलं, आणि त्या दिवशी छताने त्यांना काही मदत केली नाही. मागच्या दारातून हळूहळू सगळा वर्ग जमला. एवढे धडे झाले, पण सही झाल्यावर घरच्यांना कळवायचंही असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धडा सहीपाशी संपत होता. आणि खरं सांगायचं तर इस्पितळातही तो तिथेच संपत असे. रिपोर्ट फायलीत जाई, फाइल कपाटात जाई, आणि घरचे घरी जात.

प्रोफेसर खाकरले आणि त्यांनी सुरुवात केली. लॅटिन नावं, मग त्याहून मोठी लॅटिन नावं.

"प्रोफेसरसाहेब," एनो म्हणाली, "हे मला सांगताय की त्या रबरी माणसाला?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोफेसरांनी डोळे मिटले, उघडले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एका जिवंत माणसासमोर खुर्ची ओढून बसले.

"एनो, आधी खरं ते सांगतो. तुमच्या खऱ्या भावाबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही. त्यांना कुणी उघडून बघितलेलं नाही. आमच्या माणसाने तुम्हाला धड विचारलं नाही, तुम्ही नाही म्हणालात. आता ते दार बंद झालं. पण तुम्ही या खोलीत जे दुखणं इतक्यांदा सांगितलंत, तसं दुखून गेलेली माणसं मी पुष्कळ उघडली आहेत. त्यांच्यात काय सापडलं ते दाखवू शकतो. चालेल?"

"दाखवा."

प्रोफेसरांनी रबरी प्रेताची चेन उघडली आणि मला म्हणाले, "ओवुसू, फाटलेलं द्या." मी खोक्यातून दुसरं हृदय काढून दिलं. ते त्यांनी एनोच्या हातात ठेवलं. हृदयातून वर जाणारी मोठी नळी तिच्या बोटाने चाचपून दाखवली. "रक्तदाबाने वर्षानुवर्षं या नळीचं आतलं अस्तर विरत जातं. एक दिवस ते फाटतं. रक्त अस्तर आणि भिंत यांच्यामध्ये घुसतं आणि नळी उकलत जाते. तेव्हा दोन खांद्यांच्या मध्ये फाटल्यासारखं दुखतं, कारण खरंच फाटत असतं. मग रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत भरतं आणि हृदयाला हलायला जागा राहत नाही."

एनोचं बोट त्या चिरेत होतं. "आणि सूप?"

"सूप पोटात जातं. तिथून इथे यायला रस्ता नाही. विषाने ओकाऱ्या होतात, जुलाब होतात, आणि एका भांड्यातून खाल्लं असेल तर सगळ्यांना होतात. सुपाने ही नळी फाटत नाही."

"नक्की?"

"तुमच्या भावाची नळीच फाटली हे नक्की नाही, पण माझी पैज त्यावरच आहे. सुपाने फाटत नाही हे मात्र नक्की."

एनो त्या हृदयाकडे बघत बसली. वर्गातल्या एकाही पोराने फोन काढला नाही. तिला रडताना मी इतक्यांदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी ती रडली नाही. उठली, आणि हृदय पिशवीत घालायला लागली.

"एनो, ते विभागाचं आहे," मी म्हटलं. "खोलीबाहेर न्यायची परवानगी नाही."

"मग तू ने. मी कुठे जातेय ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. आमच्याकडे माफी मागायला कुणी एकटं जात नाही. सोबत बोलणारा माणूस लागतो, आपल्या वतीने शब्द टाकणारा. शहाणा, वयस्क, वजनदार. एनोने बोट केलं ते सार्पोंगकडे. "हा. याला मागायचं कसं ते आता येतं."

"एनो, मी?" सार्पोंगची बोबडी वळली. "मी तर अजून..."

"समजेपर्यंत सांगेन म्हणाला होतास. मला समजलंय. तिला अजून सांगायचंय."

असे आम्ही तिघं निघालो. एनो काळ्या वस्त्रात, बगलेत माफी मागताना पुढे ठेवायची दारूची बाटली. सार्पोंग डावा हात खिशात कोंबून. आणि मी, विभागाचा एक कर्मचारी, भाताच्या डब्याच्या पिशवीत विभागाचं हृदय घेऊन. बाजार दुपारचा भरात होता. एका मासेवालीने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "बकऱ्याचं का हो? कुठे मिळालं?" मी म्हटलं, "सरकारी आहे." तिने विश्वास ठेवला.

फाउस्टिना बादल्यांच्या उतरंडीमागे बसली होती. एनोला बघून तिचा चेहरा दगड झाला. पण पाहुणा दारात आला की पाणी द्यावंच लागतं. तिने तीन स्टुलं सरकवली, पाणी दिलं, आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "इथे सगळं शांत आहे. कसं येणं केलंत?"

सार्पोंगने सांगितलं. चांगलं सांगितलं. एनोच्या वतीने माफी मागितली, बाटली उजव्या हाताने पुढे ठेवली, मग माझ्याकडून हृदय घेऊन चीर दाखवली. रक्तदाब, अस्तर, फाटणं, सगळं सावकाश. आजूबाजूच्या दुकानांतल्या बायका गिऱ्हाइकं सोडून माना लांब करून बघत होत्या.

फाउस्टिनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टर, ते सुपाचं परत सांग."

"सुपाने नळी फाटत नाही, मावशी."

"फळं आदल्या दिवशीची होती," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी वास घेऊन बघितला होता. मला ठीक वाटली. मीही प्यायले. तरी इतकी वर्षं मला वाटायचं की माझं नाक चुकलं असेल. ही गावभर ओरडली ते वेगळं. मी रोज स्वतःलाच विचारत होते."

आवाजावर पोट असलेल्या एनोने जेमतेम समोरच्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "फाउस्टिना, चूक झाली माझी."

"मला काय सांगतेस? मला कळलं आता." फाउस्टिनाने हनुवटीने बाजाराकडे खूण केली. "तेव्हा काय माझ्या कानात बोलली होतीस? त्यांना सांग."

एनोने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या बायकांकडे. मग वस्त्र कमरेला खोचलं आणि स्टुलावर चढली. स्टूल प्लास्टिकचं, एनो एनोच. ते चारी पायांनी कुरकुरायला लागलं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, की मी चेरेवा, बेडियाकोची बहीण, आणि मी या बाईबद्दल जे बोलले ते खोटं होतं. खाली फाउस्टिनाने वाकून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं.